जसोंडी मुक्कामी सेटअप चढविल्याची हकीकत

श्री तापीमाई प्रसन्न. शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सरे, वैशाख मासी बऱ्हाणपूर प्रांती जे रण माजले, त्याची हकीकत ठाऊक असणारे बोलेनात आणि नसणारे थांबेनात, सबब खरी ती लिहून ठेविली आहे. वाचणारांनी स्वस्थ बसून वाचावी, मध्येच मोबाइल पाहू नये.

तर शहरी राजपुऱ्यात उषाबाई म्हणोन गणिताच्या मास्तरीण, माहेर मौजे जसोंडी. जसोंडीस सोसायटीची पाण्याची सामायिक पाइपलाइन, आणि तिच्या तोंडाशी सुपडू व उखर्डू या सख्ख्या भावांची केळी, आणि पार शेपटास बाईंची विधवा चुलती भागाबाई, तिचे दीड एकर. दरसाल आखाजीस, अक्षय्य तृतीयेच्या सणास, पाण्याच्या पाळ्या ठरत, म्हणजे दोघे भाऊ ओरडत, आणि ज्याचा आवाज मोठा त्याची पाळी आधी, मग दुसऱ्याची, मग वीज जाई. भागाबाईच्या बागेस पाणी न पोहोचता पाण्याची बातमी तेवढी पोहोचे. गतसाली तिची निम्मी केळी उभ्या उभ्या वाळली. हे उषाबाईंच्या जिव्हारी लागले आणि त्यांनी चार महिने खपून संगणकाचा एक प्रोग्राम रचिला, की ज्यास गेल्या साली पाणी कमी मिळाले त्याचे नाव यादीत वर. पंचांनी ठराव केला की, आखाजीस यादी कागदावर निघाली तर मानू. न निघाली तर वहिवाट चालू.

बाई सावध. पेनड्राइव्हवर प्रोग्राम घेऊन शाळा, फोटो स्टुडिओ, सायबर कॅफे, ऐशा सात ठिकाणी चालवून पाहिला, आणि सातही ठिकाणी तो निमूट चालला. मग आखाजीचे आदले दिवशी सकाळी स्कूटरवर स्वार होऊन जसोंडीस दाखल जाहल्या आणि सोसायटीस नव्याने मिळालेल्या यंत्रावर चढाई केली. तो यंत्राने फर्मान काढिले की, अमुक लायब्ररीची फाइल हजर नाही, सबब प्रोग्रामास प्रवेश नाही. बाईंनी तीन वेळा अर्ज केला, तिन्ही वेळा हाच जबाब.

उखर्डूने मान वाकडी करून पडदा पाहिला. "उषा, तुही पेटी त आमच्याहून जास्त भांडू राहिली."

त्यावर सुपडू हसला. भावाच्या बोलण्यावर भाऊ हसावा ऐसे नऊ वर्षांत घडले नव्हते, आणि घडले ते बाईंच्या फजितीवर. बाईंस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. भागाबाई पदर सावरून घरी गेली. बाईंस त्याचेच अधिक लागले.

बाई तडक इतवाऱ्यात संगणकांचे व्यापारी भाईदास यांच्या दुकानी आल्या आणि तेथे उलगडा जाहला. शहरातली ती सातही यंत्रे भाईदासांनी विकलेली, सोसायटीचे मात्र परभारे कोरे आलेले. आणि त्यांची रीत ऐसी की, गिऱ्हाइकास कोरे यंत्र देणे म्हणजे पाहुण्यास रिकाम्या ताटावर बसविणे; म्हणोन टायपिंग, खेळ, गाणी, कुंडली, कोणी मागो न मागो, यंत्र गच्च भरून देत. त्या गर्दीत प्रोग्रामास लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे ज्या तयार फाइलींच्या जिवावर तो चालतो त्या, आपसूक येऊन बसत. बाईंचा प्रोग्राम सात घरी दुसऱ्याच्या शिध्यावर जेवत होता आणि बाईंस वाटे की घरचे खातो.

बाईंनी हुकूम केला की, आता प्रोग्राम आणि त्याच्या लायब्रऱ्या एका सेटअपात, म्हणजे एकाच गाठोड्यात, बांधाव्या, आणि बांधणी पुरती जाहली की नाही हे पाहण्यास एक कोरे यंत्र हजर करावे. भाईदास दचकले.

"कोरी मशीन? बाई, अकरा साल झाले, माझ्या दुकानातून कोरी मशीन गेली नाय. लोक काय म्हणतील, भाईदासनं खाली डबा गळ्यात मारला!"

शहरभर शोध केला, कोरे यंत्र मिळेना. मग बाईंनी वाळल्या केळीची गोष्ट सांगितली. भाईदास उठले, गल्ल्याजवळचे आपले खासे यंत्र पुढे ओढले, आणि दोन हजार गाण्यांसुद्धा स्वहस्ते पुसून काढिले. ओसाड पडदा पाहून त्यांचे डोळे भरले, ते त्यांनी पंख्याच्या धुळीवर ढकलले.

मग घनघोर लढाई जाहली. सेटअप बांधला, चढविला, आणि यंत्राने परतविला. एक लायब्ररी आत घ्यावी तर ती दुसरीवाचून हलेना, दुसरीस आणावे तर ती तिसरीसाठी अडून बसे, लग्नातल्या विहिणी जशा. आणि दर शिकस्तीनंतर यंत्र पुन्हा कोरे करणे आले, नाही तर पारख खोटी. चार वेळा हार जाहली. भाईदासांनी दुकानाचे शटर अर्धे ओढून गिऱ्हाइके परत लाविली, दोघांनी उभ्या उभ्या कचोरी खाल्ली, आणि पाचव्या खेपेस, दिवेलागणीस, कोऱ्या यंत्रावर प्रोग्राम उघडला. भाईदासांनी सीडी बनविताना हळूच पुसले की, जागा उरली आहे, थोडी गाणी टाकू काय. बाईंनी अर्ज नामंजूर केला.

आखाजीस सारा गाव सोसायटीत जमला. बाईंनी सीडी घातली, यंत्राने जे जे पुसले त्यास होकार दिला, आणि प्रोग्राम कोणत्याही लायब्ररीचे नाव न घेता सुरू जाहला. प्रिंटर कुरकुरला, कागद निघाला. दोघा भावांनी तो उलटासुलटा करून चूक शोधिली, गेल्या सालच्या पाळ्या स्वतःच बोटांवर मोजून पाहिल्या, आणि आकडे खोटे म्हणता येईनात.

भागाबाईस वाचता येत नव्हते. "यात माहं नाव कोनतं, माय?"

बाईंनी तिचे बोट धरून पहिल्या ओळीवर ठेविले. "हे, काकू. सगळ्यात वरचं."

भागाबाईने बोट काही वेळ तेथून उचलिले नाही. मग म्हणाली, "मंग मले इथं कायले बसवून ठेवलं? पानी सोडू द्या की."

येणेप्रमाणे वैशाख शुद्ध तृतीयेस मोहीम फत्ते जाहली. सुपडूने कमरेची व्हॉल्व्हची चावी सोडून, कोणी न सांगता, भागाबाईच्या हाती दिली. दोन प्रहरी पाणी सुटले आणि वाटेत कोठेही न अडता शेपटाच्या केळीस पोहोचले, हे बाईंनी बांधावर अनवाणी उभे राहून, पाय भिजवून, समक्ष पाहिले.