मास्तरांची खुर्ची

मास्तरांचा राजीनामा मालकांनी न वाचताच खिशात घातला आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःहून पगारवाढ कबूल केली. वर यंत्राशेजारी एक खुर्चीही. या लॉन्ड्रीतलं जुनं धुलाईयंत्र चालवता चालवता मास्तर एकोणीस वर्षं खुर्ची मागत होते. ज्या नव्या लॉन्ड्रीत ते जाणार होते, तिने पगार या वाढीइतकाच देऊ केला होता, पण तिथली यंत्रं कोरी करकरीत होती.

"दोन दिवसांत सांगतो," मास्तर म्हणाले. लगेच हो म्हणणं त्यांच्या तोऱ्यात बसत नव्हतं.

आपण गेलो तर काय काय जाईल हे मालकांना कळावं, म्हणून त्या दोन दिवसांत त्यांनी यंत्राच्या सगळ्या खोडी वहीत उतरवल्या. चाळीस पानं, मोत्यासारखं अक्षर. मालकांनी ती वाचली आणि ते हरखले.

"अहो, हे तर कुणालाही जमेल."

खुर्चीचा विषय तिथेच संपला. भाव खायला गेलेल्या मास्तरांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

मालक बाह्या सारून स्वतः यंत्रापुढे उभे राहिले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांनी सगळं तंतोतंत केलं. यंत्र गुरगुरलं, त्याने दोन गिरक्या घेतल्या आणि ते थांबलं. दुसऱ्यांदाही तेच. आत दवाखान्याच्या चादरी साबणाच्या पाण्यात भिजत पडल्या.

मास्तरांनी काहीतरी लपवलंय असं मालक म्हणू लागले. मास्तरांनी शपथ घेतली, ते पुढे झाले आणि त्यांनी तेच बटण दाबलं. यंत्र झकास फिरू लागलं. मास्तरांची छाती फुगली खरी, पण कारण त्यांनाही कळेना.

शेजारच्या टेबलापाशी मास्तरांची बायको उभ्याने कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली.

"अहो, तुमचा गुडघा बघा."

मास्तरांचा उजवा गुडघा यंत्राच्या दाराला टेकला होता.

"तरीच म्हटलं, प्रत्येक पँट एकाच गुडघ्यावर कशी विरते," ती म्हणाली. ठिगळं तीच लावत होती.

मालकांनीही आपला गुडघा लावून पाहिला, वर, खाली, तिरका. यंत्राने दाद दिली नाही. मास्तरांना मनापासून आनंद झाला. नव्या यंत्रांपुढे ते उभे राहिले काय किंवा दुसरं कुणी, सारखंच होतं. त्यांनी तिथल्या तिथे थांबायचं कबूल केलं, आणि मालकांना खुर्चीची आठवण करून दिली.

सोमवारी खुर्ची आली, गादीची, हाताची. मास्तर ऐटीत टेकले. यंत्र थांबलं. उठून गुडघा लावला, सुरू झालं. पुन्हा बसले, पुन्हा थांबलं. शेवटी त्यांनी खुर्ची उचलून घड्यांच्या टेबलापाशी नेली.

"बस गं. दिवसभर उभी असतेस."

ती बसली. "आणि तुम्ही?"

"मी बसलो तर लॉन्ड्री बसेल," असं म्हणून मास्तर ताठ मानेने यंत्राकडे गेले आणि त्यांनी गुडघा जागच्या जागी टेकवला.