सुभेदारांचा सपाट दगड

न्हाणीघराच्या फळीवर सहा वस्तू होत्या: धारेचे तीन दगड, एक वस्तरा, एक चामडी पट्टा आणि साबणाची वाटी. दोन दगड धूळ खात पडलेले. तिसरा, पिवळसर आणि साईसारखा गुळगुळीत, आबा रोज वापरत. सांगलीला विश्रामबागेत राहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली त्यांची नात मयूरी साताऱ्याला परतली होती. तिने त्या दगडावर पोलादी पट्टी उभी धरली आणि मधली फट मोजली. १.८ मिलिमीटर.

"आबा, दगडाला खळगा पडलाय! अशानं धार कशी लागणार?"

"तीस वर्सं लागतीया," आबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

आबा म्हणजे निवृत्त सुभेदार उदयसिंह. उद्या दहा वाजता माजी सैनिकांचा मेळावा होता आणि सलामी त्यांनी घ्यायची होती. शिवाय तिथे सयाजी येणार होता. पलटणीतला हा जुना हवालदार भेटला, की आधी आबांच्या गालावरून हात फिरवी. एक खुंट लागला तरी वर्षभर गावाला सांगे. गेल्या वर्षी लागला होता.

मयूरीने मनावर घेतलं. आबा दुपारचे आडवे झाल्यावर तिने काचेवर पॉलिश पेपर चिकटवला, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखल्या आणि शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत घासला. तीन तासांत दगड आरशासारखा सपाट.

संध्याकाळी आबांनी त्यावर वस्तरा घासून मनगटावर फिरवला. केस जागचे हलले नाहीत.

दस्तगीरभाईंना बोलावणं गेलं. चाळीस वर्षं दाढीचं दुकान चालवलेल्या त्या माणसाने पातं दगडावर टेकवून उजेडाकडे धरलं. ते फक्त मध्ये टेकत होतं.

"पोरी, दगडासंगं वस्तराबी झिजलाय. ह्याला खळगा, तर त्याला पोट. तू एकालाच सरळ क्येलंस."

"मग वस्तराही सपाट करते."

"हात लावून बघ!" आबा गरजले. "सासऱ्यांनी दिलेला हाय त्यो!"

"माझ्या बापानं घड्याळबी दिल्तं," स्वयंपाकघरातून विनोदिनीआजीचा आवाज आला. "ते कुठं हाय?"

आबा पुन्हा पेपरात शिरले. उरला एकच उपाय: दगडाला परत खळगा पाडायचा. त्यासाठी किंचित पोट सुटलेली कठीण वस्तू हवी. मयूरीने घरभर नजर फिरवली. ती वरवंट्यावर थांबली.

"न्हाई," आजी म्हणाली. "आत्ताच ठेचा वाटलाय."

"धुते ना, आजी!"

"आवं वहिनी, सयाजीचा मामला हाय," दस्तगीरभाईंनी हात जोडले.

सयाजीचं नाव ऐकताच आजीने वरवंटा स्वतः आणून दिला. मयूरीने तो दोनदा धुतला. मग आबा, दस्तगीरभाई आणि ती अशा तिघांनी आळीपाळीने, दर दहा घासण्यांनी पट्टी लावत, जेवणं तिष्ठत ठेवून काम पुरं केलं. वस्तरा नुसता टेकला आणि मनगटावरचे केस उडाले.

सकाळी दाढी करताना आबा म्हणाले, "गाल जरा तापल्यागत वाटत्यात." सलामीच्या वेळी त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले. ते पाहून पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मग सयाजी आला. गालावरून हात फिरवला. सुलटा, उलटा, हनुवटीखालून.

"आयला, एक खुंट न्हाई गड्या!" म्हणत त्याने त्याच हाताने स्वतःच्या मिशीला पीळ दिला.

घरी येऊन मयूरीने वहीत नोंद केली. दगडाचा खळगा: १.८ मिलिमीटर. खुंट: शून्य. सयाजीकाकांच्या शिंका: अकरा.