अठरा चित्रं आणि उरलेली मुलं

अमूर्त चित्रांचा एक मोठा फायदा मी तुम्हाला छातीठोकपणे सांगते. कुणालाही काही कळत नाही! माणूस काढला तर लोक म्हणतात, नाक वाकडं आलंय. घोडा काढला तर विचारतात, ही गाय का? पण नुसते रंगांचे फटकारे मारले की बघणारा दोन पावलं मागे जातो, मान तिरकी करतो आणि गप्प बसतो. सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून गणित शिकवलेल्या बाईला समोरच्याने गप्प बसण्यापरतं सुख नाही.

संध्याकाळी घरी येते तेव्हा माझ्या अंगात त्राण नसतं, पण डोक्यात माझ्या वर्गातली मुलं असतात. जेवताना मुलं, भांडी घासताना मुलं, झोपेतसुद्धा मुलं! म्हणून मी त्यांना कॅनव्हासवर उतरवायला लागले. चेहरे काढायचे नाहीत, त्या पोराशी माझं जे काही नातं जुळलं तेवढंच काढायचं. सगळे ज्याला भिंगरी म्हणतात तो मुलगा म्हणजे केशरी गिरक्या. दर वाक्याला ‘पण का?’ विचारणारी मुलगी म्हणजे टोकदार हिरवे काटे. वडील गेल्यावर कितीतरी दिवस उगाचच माझ्या टेबलापाशी घुटमळणारा एक मुलगा होता. तो म्हणजे काळा ढग आणि त्यात एक मिणमिणता ठिपका. अशी अठरा चित्रं झाली.

आमचे मुख्याध्यापक वयाने माझ्याहून बरेच लहान आणि उत्साहाने माझ्या दसपट. त्यांनी चित्रं पाहिली आणि टाळीच वाजवली.

“बाई, पालकसभेला प्रदर्शन!”

“सर, कुठलं चित्र कोणाचं हे कोणाला कळता कामा नये.”

“छे हो! मलाच काही कळलं नाही, तर त्यांना काय कळणार?”

चित्रं टांगायला आमचे हे मदतीला आले. यांची मदत म्हणजे मांजराने लोकर गुंडाळून देण्यासारखी असते. “नावं नाहीत तर निदान नंबर तरी हवेत,” असं म्हणून यांनी हाताला येईल त्या चित्राला नंबर चिकटवले, एक ते अठरा. माझे पाय इतके दुखत होते की मी वर बघितलंसुद्धा नाही.

सभेला पहिल्या आल्या डॉक्टरीणबाई. त्या काळ्या ढगासमोर थांबल्या.

“बाई, सात नंबर आमचा ना?”

मला वाटलं, चित्र आवडलं. मी हसून म्हटलं, “हो हो, तुमचाच समजा!”

“मग इतका काळा का?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरीणबाईंच्या मुलाचा हजेरी क्रमांक सात होता!

तोवर हे हजेरीचेच नंबर आहेत ही गोष्ट सभागृहभर पसरली होती. अठरापर्यंतचा प्रत्येक पालक आपापल्या हजेरी नंबरासमोर जाऊन उभा!

“चार नंबर बघा, सोनेरी! वकिलांचा मुलगा ना, असणारच!”

“सोनेरी असेल, पण आकार बघा,” वकील कडाडले. “सगळ्यांत लहान! हा उघड भेदभाव आहे!”

अकरा नंबरची आई डोळे पुसत होती. “आमच्या मुलीच्या डोक्यात इतका गुंता असेल असं वाटलं नव्हतं हो!”

पीटीच्या सरांनी त्यांना धीर दिला. “काळजी करू नका. मैदानावर ती बरी असते.”

शेवटी मुख्याध्यापक खुर्चीवर चढले. “शांत व्हा! हे हजेरी नंबर नाहीत! ही चित्रं कोणाचीही असू शकतात!”

 मग वकिलांनी हळूच विचारलं, “वर्गात मुलं चाळीस. चित्रं अठरा. म्हणजे उरलेल्या मुलांबद्दल बाईंना काहीच वाटत नाही?”

 खरं सांगायचं तर त्या उरलेल्यांबद्दल मी कधी विचारच केला नव्हता. मुख्याध्यापकांचं उत्तर मात्र तयारच असतं.

“उरलेली चित्रं चालू आहेत! वार्षिक संमेलनात प्रत्येक मुलाचं चित्र लागेल! बाईंचं वचन आहे!”

घरी येताना हे म्हणाले, “मी आपली मदत केली.”

मी म्हटलं, “पुढच्या वेळी करू नका.”

आता हुकमावरून जिव्हाळा वाटणं किती जड असतं ते मला विचारा! वर्गात बेरजा चालू असताना मी एकेका मुलाकडे टक लावून बघायची. पोरं घाबरली. दोघांनी आपणहून कॉपी केल्याचं कबूल केलं! पण बघता बघता एकेक जण दिसायला लागला. एक मुलगा गणित सुटलं की बाकाखाली पाय नाचवतो, हे मला इतक्या दिवसांत दिसलंच नव्हतं. रोज घरी येऊन रंगवायचं, रात्री हाताला पेटके यायचे, सकाळी पुन्हा फळा. डोळ्यांखालची वर्तुळं बघून आमचे हे म्हणायला लागले, “हे पण अमूर्तच दिसतंय.”

शेवटी एकच मुलगी उरली. मांजरपावली. कधी आली, कधी गेली, पत्ता लागत नाही. वही नेहमी पूर्ण, तक्रार कधी नाही. तिच्यासाठी मला रंगच सापडेना! मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं.

“तुझ्याबद्दल मला नेमकं काय वाटतं तेच कळत नाही गं.”

“असू द्या ना, बाई,” ती म्हणाली. “तुम्ही फार दमलात. बसा जरा.”

तिने खुर्ची पुढे ओढली, मैदानाकडची खिडकी लावली आणि शेजारच्या बाकावर पुस्तक उघडून बसली. माझा डोळा लागला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी वर्गात झोपले! जागी झाले तेव्हा तास सुरू होऊन अर्धा संपला होता. सगळा वर्ग खाली मान घालून गणितं सोडवत होता, भिंगरीसकट! आणि दाराशी ती ओठांवर बोट ठेवून उभी होती.

त्या संध्याकाळी मी तिचं चित्र काढलं. मोठा कॅनव्हास, जवळजवळ रिकामा. सायीसारखा पांढरा, आणि खाली एकच पुसट निळी रेघ. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं चित्र!

संमेलनाच्या दिवशी ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. “बाई, यात कोणी ओरडत नाहीये,” ती हळूच म्हणाली. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात तिचे वडील आले. घरांच्या रंगकामाची कंत्राटं घेतात. त्यांनी चित्रावरून बोटाची मागची बाजू फिरवली.

“प्रायमर चांगला बसलाय. रंग कधी देणार?”

“अहो, हाच रंग आहे.”

“बाकीच्यांना एवढा रंग आणि आमच्या वेळीच डबा संपला होय!”

मी समजावून सांगणार होते. पण सकाळपासून एकोणचाळीस घरच्यांना त्यांची मुलं समजावून सांगून माझा घसा पार बसला होता. तोंडातून नुसती हवा आली.

“राहू द्या, बाई, तुम्ही दमलात,” ते मायेने म्हणाले. “उद्या मीच येतो. सामान माझं!” मागून त्यांची लेक दोन्ही हातांनी ‘नको नको’ करत होती. मीही मान हलवली. त्यांना ती होकाराची वाटली.

ते चित्र आता मुख्याध्यापकांच्या खोलीत लागलंय. फिकट पिस्ता, रंगाचे दोन हात, कडा अगदी सरळ. कोपऱ्यात माझी सही होती, तिच्यावरूनही त्यांनी नीट ब्रश फिरवलाय.