मंगळाला कोंब फुटले!

यंदाचं मार्गदर्शक शिक्षकाचं प्रमाणपत्र माझंच! मला इतकी खात्री होती, की बैठकीच्या भिंतीत मी आधीच खिळा ठोकून ठेवला होता.

मुखेडला मी शाळेत विज्ञान शिकवतो. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन यंदा आमच्याच शाळेत, आणि माझी विद्यार्थिनी ऋतुजा मांडणार होती ‘मंगळावर कधी जीवसृष्टी होती का?’ पोरगी जिद्दीची. पहिली आली तर जिल्ह्याच्या प्रदर्शनाला नांदेडला जाणार होती, आणि मुखेडच्या पुढं ती आजवर गेलीच नव्हती! महिनाभर तिनं भाषण घोकलं होतं.

मंगळ मी स्वतः केला. जळकोटच्या माळावरची लाल माती आणली. एकही जीवजंतू उरू नये म्हणून बायकोच्या कढईत तासभर भाजली. (बायको त्यावर काय बोलली ते छापण्यासारखं नाही.) मग ती परातीत पसरून बोटानं कोरड्या नद्या ओढल्या. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे देवघर. आईला विचारल्याशिवाय तिथं उंदीरसुद्धा फिरकत नाही! परात तिथं ठेवली, “माय, एवढं सांभाळ” म्हणालो आणि प्रशिक्षणासाठी लातूरची एसटी धरली.

परतलो ते थेट सहाव्या दिवशी, प्रदर्शनाच्या सकाळी. देवघरात डोकावतो तर मंगळ हिरवागार! मधोमध पाण्याचा घट, त्यावर नारळ, वर फुलांच्या माळा आणि माझ्या कोरड्या नद्यांच्या काठानं बोटबोट गव्हाचे कोंब!

“माय! हे काय केलंस?”

“काय म्हंजी? घट बसवले. घटाला माती आण म्हणून पंधरा वर्सं सांगून राहिले, कधी ऐकलं न्हाईस. यंदा न सांगता आणलीस, अन् ती बी भाजून, निर्मळ करून! लई रडले बघ त्या दिशी.”

नवरात्र सुरू झालंय हे माझ्या विज्ञाननिष्ठ डोक्यातून साफ गेलं होतं!

“अगं, ही परात शाळेत न्यायची हाय.”

“दसऱ्याच्या आधी घट हलवायचा न्हाई. हात तर लावून बघ!”

तेवढ्यात परात न्यायला ऋतुजा आली. तिनं आत पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

“सर, मग माझं नांदेड?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेण खाल्लं मी, आणि नांदेड चाललं तिचं!

परीक्षक होते उदगीरचे निवृत्त प्राध्यापक गुरुपादप्पा सर. हसणं त्यांनी नोकरीबरोबरच सोडलं असावं. आमच्या रिकाम्या टेबलासमोर येऊन ते थांबले.

“मंगळ कुठंय?”

ऋतुजा म्हणाली, “घटाला बसलाय सर. दसऱ्यापर्यंत हलत न्हाई. पण लांब न्हाई, दोनच गल्ल्या!”

आणि काय सांगू, गुरुपादप्पा सर खरंच निघाले! देवघरापाशी त्यांनी चपला काढल्या, मंगळाला हात जोडले, आईच्या हातून कुंकू लावून घेतलं आणि पुन्हा कडक चेहरा करून विचारलं, “मग? होता का मंगळावर जीव?”

घोकलेलं सगळं भाषण उजाड मंगळाचं होतं. मी डोळे मिटून घेतले.

“सर, ही माती भाजलेली. नुसतं पाणी घातलं असतं तर काय बी उगवलं नसतं. आजीनं गहू टाकला म्हणून उगवलं. मंगळावर एका काळी पाणी व्हतं, नद्यांच्या खुणा हायेत. पण तिथं कवा जीव धरला का, ते अजून कुणालाच ठाव न्हाई. तेच शोधून राहिलेत.”

“भले!” गुरुपादप्पा सर चक्क हसले. “पाणी म्हणजे जीव, असं सकाळपासून तिघांनी ठणकावून सांगितलं. ‘ठाव न्हाई’ म्हणणारी ही पहिली!”

पहिला नंबर! नांदेड पक्कं! माझा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात मी देवीला नमस्कारसुद्धा करून टाकला.

सरांनी कागद काढला. “मार्गदर्शक कोण?”

मी शर्ट सारखा केला आणि एक पाऊल पुढं झालो.

“माती सरांची हाय,” ऋतुजा म्हणाली. पोरगी खोटं बोलत नाही, तिला तसंच शिकवलंय मी. “पण जीव घातला आजीनं.”

प्रमाणपत्र आता बैठकीत झळकतंय. ‘मार्गदर्शक : श्रीमती सगुणाबाई’. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवते.

खिळा तेवढा माझा आहे.