पेट्रोलाने विहिरीस घातलेल्या वेढ्याची हकीकत

सकल जनांस विदित व्हावे की, पाणीपुरवठ्याच्या थोरल्या विहिरीस जमिनीखालून वेढा पडला, आणि तो उठविताना विहिरीचे किल्लेदार, म्हणजे तिची मोटर चालविणारे जावईबापू, यांची अब्रू पणास लागली, त्याची ही हकीकत. जे ते पाणी प्याले त्यांस पुसून, आणि ज्यांनी तोंड वाकडे करून ओतून दिले त्यांसही पुसून, लिहिली असे.

जावईबापूंचे सासरे राजमान्य राजश्री मामासाहेब, पेट्रोलपंपाचे मालक. त्यांचे संस्थान विहिरीपासून चढावर, हाकेच्या अंतरी होते. संस्थानचा खजिना जमिनीत पुरलेल्या लोखंडी टाकीत असे, आणि मामासाहेब रोज सकाळी मापाची काठी स्वहस्ते आत सोडून, ओली रेघ पाहून, मगच नाश्त्यास बसत. तो एके दिवशी रेघ विक्रीच्या मानाने खाली आली, मग आणखी खाली आली, आणि मामासाहेबांचा नाश्ता राहिला. वास्तविक टाकी बुडाशी गंजून तिला भोक पडले होते. परंतु आपली टाकी दगा देईल हे मामासाहेबांचे स्वप्नीही येईना, आपला जावई देईल हे मात्र तत्काळ मनात आले.

मग त्यांनी झाकणास कुलूप घातले, आणि कुलपाचा भरवसा वाटेना म्हणून दुसरे घातले, आणि तेणेही चैन पडेना तेव्हा झाकणावर खुर्ची मांडून जातीने ठाण दिले. वर ऐसा कडेकोट बंदोबस्त, आणि खाली पेट्रोल निर्धास्त मातीत उतरून भूजलास जाऊन भिडले, आणि पाण्याहून हलके म्हणून त्याच्या डोईवर स्वार होऊन उताराने निघाले. त्यात विहिरीची मोटर सुरू जाहली की भोवतालचे पाणी विहिरीकडे ओढले जाई, तेणेकरून गनिमास वाट पुसण्याचीही तसदी पडली नाही. जावईबापू रोज बटण दाबून त्यास आपणच आवतण धाडीत होते.

एके सकाळी जावईबापूंनी विहिरीचे पाणी ओंजळीत घेतले तो पेट्रोलाचा वास भपकन नाकात शिरला. त्यांनी मोटर बंद केली, आणि बाटली भरली, आणि निम्मी अंगावर सांडीत धावत मामासाहेबांचे हुजुरात दाखल जाहले, की टाकी तपासावी. मामासाहेबांनी बाटली हुंगली, मग जावयाचे हात हुंगले, मग सदरा हुंगला.

"जावईबापू, चोरायचं ते चोरायचं, वर पुरावा बाटलीत भरून मलाच आणून देताय?"

"मामा, हे विहिरीचं पाणी आहे."

"असं. म्हणजे विहिरीत लपवता होय."

येणेप्रमाणे बभ्रा जाहला आणि जावईबापूंस 'तेलचोर' ऐसा किताब लोकांनी विनाअर्ज बहाल केला. नळ कोरडे पडले, टँकरपुढे बादल्यांची रांग लागली, आणि रांगेतून फिर्याद निघाली की चोर तो चोर, वर आमचे पाणीही तोडतो. जावईबापू मोटरीच्या खोलीचे दार अडवून बसले. विहीर सुरू करावी तर लोकांचे पोटात विष जाते, बंद ठेवावी तर चोरी दडविण्यासाठी बंद ठेवली ऐसे म्हणतात. त्यांस फार अपमान वाटला, आणि कोणी पाहत नाही ऐसे पाहून ते थोडे रडलेही, परंतु बटणास हात लावला नाही.

मग सासूबाईंनी कारभार हाती घेतला. त्यांनी फर्माविले की सकाळी काठी सोडून रेघ पाहावी, मग पेट्रोलपंप दिवसभर बंद ठेवावा, आणि झाकणावर मामासाहेबांनी बसावे, आणि समोर जावईबापूंनी बसावे, आणि उभयतांनी परस्परांवर नजर ठेवावी, लघुशंकेसही जोडीने जावे. हुकमाची तामिली जाहली. ऊन चढले, छत्री आली, चहा आला, परंतु पहारा ढळला नाही. संध्याकाळी काठी सोडली तो रेघ खाली.

मामासाहेबांनी काठी धोतराने पुसून पुन्हा सोडली, आणि पुन्हा पुसून पुन्हा सोडली.

"इतके दिवस तुम्ही चोराच्याच डोक्यावर बसला होतात," सासूबाई म्हणाल्या.

मामासाहेबांचा चेहरा उतरला. ते तडक टँकरच्या रांगेपुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सर्वांदेखत जाहीर केले, "टाकी माझी, गळती माझी. जावयाला नावं ठेवलीत ना, आता मला दोन शिव्या द्या आणि विषय संपवा." रयतेने आज्ञा शिरसावंद्य मानली, आणि दोनावर कोणीच थांबले नाही.

मग टाकी उपसून काढली, आणि काळी पडलेली माती गाडे भरभरून हलविली. परंतु जे पाण्यात मिसळून पुढे गेले होते ते फावड्यास दाद देईना. तेव्हा टाकी आणि विहीर यांचे मध्ये बोअर पाडून, तेथून अहोरात्र पाणी उपसून, गनिमाचा मोहरा तिकडे वळविला, आणि ते पाणी कोळशातून गाळीत गेले. जमीन पेट्रोल गुपचूप प्याली होती, ओकताना मात्र तिने वर्षे घेतली. मामासाहेब रोज बोअरवर येऊन पाणी हुंगत आणि जावयाकडे न पाहता म्हणत, "आज कालच्यापेक्षा कमी आहे." पुष्कळदा ते खोटे असे, आणि जावईबापू होकार देत.

अखेर प्रयोगशाळेचा निर्वाळा वारंवार शुद्ध आला, आणि विहिरीची मोटर पुन्हा सुरू जाहली, आणि पहिला पेला भरला. किल्लेदारीचा मान म्हणून जावईबापूंनी हात पुढे केला तो मामासाहेबांनी पेला हिसकावून घेतला.

"आधी मी. माझ्या टाकीतलं काही उरलं असेल तर ते माझ्या पोटात जाऊ दे."

ते डोळे मिटून सारा पेला प्याले, आणि त्यांनी रिकामा पेलाही हुंगला, आणि जावईबापूंचा जीव टांगणीस लागला. मग म्हणाले, "कशाचाच वास नाही हो." त्यांनी पेला विसळला, पुन्हा काठोकाठ भरला, आणि दोन्ही हातांनी जावयापुढे धरला.

तो पेला जावईबापूंनी घेतला. येणेप्रमाणे वेढा उठला, विहिरीची फत्ते जाहली, आणि जावईबापूंची अब्रू खुद्द सासऱ्यांचे हातून त्यांचे पदरी परत दाखल जाहली, ऐसी नोंद केली असे.