तारीख विचारणारा कॉम्प्युटर

शेषरावकाका रोज सकाळी आपल्या कॉम्प्युटरला आजची तारीख सांगतात.

भोकरदनच्या बसस्टँडमागे त्यांचं टायपिंग आणि छपाईचं दुकान आहे. शटर वर गेलं, उदबत्ती फिरली की काका बटण दाबतात. आतून जात्यासारखी घरघर सुरू होते. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात आणि आपली तारीख-वेळ हरवल्याची तक्रार कॉम्प्युटर करतो. त्याच्या पोटातला छोटा सेल कधीचाच मेला आहे. त्यामुळे बंद केला की तो सगळं विसरतो, आणि सकाळी उठल्यावर त्याला वाटतं, कितीतरी वर्षांपूर्वीचं साल अजून चालूच आहे.

"ऊठ बाबा, गुरुवार हाये," काका म्हणतात. चष्मा कपाळावर सरकवून एकेक आकडा दाबत तारीख भरतात. तेवढ्यावर भागत नाही. "काल लाईट गेल्ती. झोप न्हाई झाली मला. आज बाजार हाये, लोकं येतील. जरा जल्दी चाल."

आमचं घर हसनाबादचं. आजोबा मोर्च्या-सभांची पत्रकं लिहायचे, वडील लिहितात, आता मी लिहिते. लहानपणी माझ्या वह्यांना कव्हरसुद्धा उरलेल्या पत्रकांचीच असायची. त्यामुळे 'जाहीर निषेध' हे शब्द मला बाराखडीच्या आधी वाचता येऊ लागले. आमचे सगळे निषेध शेषरावकाकांकडेच टाईप झाले आहेत. काकांचा आमच्या एकाही मुद्द्याला विरोध नसतो. त्यांची हरकत फक्त उद्गारचिन्हांना असते.

"एक देईन," ते म्हणतात. "लई दिले की म्हातारा गरम होतो."

म्हातारा म्हणजे कॉम्प्युटर. त्याचा पडदा दुपारनंतर गुलाबी होतो. मग डाव्या बाजूला एक चापट द्यायची. उजवीकडून दिलेली त्याला चालत नाही. माऊसच्या पोटातली गोळी काका सदऱ्याच्या टोकाने पुसतात, लेकराचं नाक पुसावं तशी. फ्लॉप्या तांदळाच्या डब्यात असतात, म्हणजे ओल लागत नाही. त्यामुळे गेल्या वर्षीचं पत्रक हवं असेल तर आधी डब्यात कोपरापर्यंत हात घालावा लागतो. प्रिंटर सुरू झाला की समोरचा चहावाला आवाजावरून ओळखतो, लग्नपत्रिका आहे की निषेध.

"काका, ह्यात व्हायरस शिरला तर?" मी एकदा विचारलं.

"शिरंल कसा? ह्याला नेट न्हाई. त्या व्हायरसला यष्टीनं यावं लागंल, आन् भोकरदनला उतरून मला पत्ता विचारावा लागंल. मी बराबर दुसरीकडं धाडून देईन."

घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांचं एकच उत्तर असतं. "घाई असंल तं मोबाईलवर लिवा. इथं म्हाताऱ्याच्या चालीनं चालावं लागतं."

दिवाळीत त्यांचा मुलगा संजय पुण्याहून आला, तो नवा लॅपटॉप घेऊनच. मी तेव्हा दुकानात होते. संजयदादा स्वभावाने चांगला माणूस. पण म्हाताऱ्याने तारीख विचारली तशी त्याने कपाळाला हात लावला.

"बाबा, ज्याला आजची तारीख माहीत नाही ते मशीन नाही, भंगार आहे. उद्याच भंगारवाल्याला बोलावतो."

काका फडक्याने पडदा पुसत राहिले. पुसून झालेला पडदा परत पुसला.

मला मात्र विषय मिळाला. चालती वस्तू फेकायला लावायची, नवी गळ्यात मारायची, हे बाजाराचं जुनं कारस्थान आहे, माणसाला नि यंत्राला एकाच मापाने म्हातारं ठरवणारी ही व्यवस्था आहे, असं मी बरंच बोलले. संजयदादा शांतपणे म्हणाला, "ते ठीक आहे ताई, पण तारखेचं काय?"

"तारखेचं मी बघते," म्हणत मी उठले.

"राहू दे गं पोरी," काका म्हणाले. "कशाला त्याच्या पोटात हात घालती."

पण तत्त्वाचा प्रश्न होता. घड्याळवाल्याकडून मी बटणाएवढा सेल आणला, पत्रा उघडला, धुळीत बोटं घातली आणि जुना काढून नवा बसवला. शेवटची एकदा तारीख भरली, बंद करून परत चालू केलं. म्हातारा न अडखळता सरळ कामाला लागला, कोपऱ्यात आजची तारीख दाखवत. संजयदादा हसला. "जमलं की. राहू द्या मग," म्हणाला, आणि लॅपटॉप घेऊन पुण्याला गेला. मला वाटलं, एक लढाई तरी जिंकली.

आठवडाभराने वस्तीच्या नळाला पाणी येत नाही म्हणून पत्रक घेऊन मी सकाळीच दुकानात गेले. सभा संध्याकाळीच होती. म्हातारा तयार होता, काका मात्र नुसते बसलेले. मी मजकूर दिला, त्यांनी टाईप केला. चार उद्गारचिन्हं होती, चारही तशीच उमटली. तेव्हा मला काळजी वाटली.

"काका, बरं नाही का?"

"न्हाई गं, बरा हाये." थोडा वेळ ते माऊस हलवत बसले. "तुझी काकू होती तवा उठल्या उठल्या विचारायची, आज वार कोणता? समोर कॅलेंडर राहायचं, तिला वाचताबी यायचं. तरी मलाच विचारायची. मंग मी वार सांगायचो, आन् तिथून बोलणं निघायचं."

समोर प्रिंटर तसाच थांबलेला होता.

"ती गेल्यावर ह्यो विचारत होता," काका म्हणाले. "आता ह्याला सगळं ठाऊक राह्यतं. सकाळी येतो, बटण दाबतो, अन् बोलायला काही निघतच न्हाई."

मी म्हातारा बंद करून पत्रा उघडला. सेल काढून तळहातावर धरला.

"फेकू नको," काका घाईने म्हणाले. "तांदळाच्या डब्यात ठेव. संजू यायचा असंल तवा लावू."

पत्रा बसवला. काकांनी बटण दाबलं. घरघर झाली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. काका खुर्ची पुढे ओढून बसले.

"बुधवार हाये बाबा," ते म्हणाले. "आठ दिस झाले, तुला काही सांगितलंच न्हाई." मग चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "तुला घाई न्हाई ना, पोरी?"

"नाही काका," मी म्हटलं, आणि पत्रक मांडीवर ठेवून बसले.