फक्त बारा तारखेपर्यंत

सहा मे, सकाळी साडेनऊ. पोलादपूरजवळच्या एका गावच्या सभागृहावर मुरारी कारकुनाने ‘शुभविवाह’ची पाटी लावली आणि समोरून कुशाबा आईच्या बाराव्याची भांडी घेऊन आला.

“पाटी काढ रे! आय गेलीय माजी.”

“संगणकात आज सयाजीकाकांच्या मानसीचं लगीन हाय. तुमचं बारावं पाच जूनला.”

“तवर पिंड काय फ्रीजात ठेवू?”

मुरारीने सयाजीला फोन लावला. “काका, वऱ्हाड कुठवर आलं?”

“कसलं वऱ्हाड? लगीन पाच जूनला हाय! नवरी महाडला कंपनीत कामावर गेलीय!”

हॉल बुकिंगचं हे सॉफ्टवेअर पाडव्याला गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने गावाला भेट दिलेलं. सोबत चौतीस पानी माहितीपुस्तिका. तारीख कशी भरावी हे अकराव्या पानावर, कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून, उदाहरणासह दिलं होतं: ०५/०५/२०२५. यंत्र आधी महिना वाचत होतं, मुरारी आधी दिवस लिहीत होता. पाच जूनचं लग्न सहा मेवर बसलं, सहा मेचं बारावं पाच जूनवर.

तेरा किंवा पुढची तारीख भरली की यंत्र नकार देई. मुरारीने त्याचा सरळ अर्थ लावून फलक लिहिला: ‘हॉल दरमहा फक्त १२ तारखेपर्यंत मिळेल.’ गावाने तो निमूट पाळला. सयाजीनेही वीस मेचा चांगला मुहूर्त सोडून पाच जूनचा धरला होता. पत्रिका मुंबईपर्यंत पोचल्या होत्या.

सयाजी धावत आला. “कुशाबा, पाच जूनवरनं नाव काढ तुजं!”

“काढलं. यंत्र काढंल तर ना?”

बदल तीस दिवस आधीपर्यंतच करता येत होता, म्हणजे आज शेवटचा दिवस. मुरारीने अर्जाची तारीख भरली: ०६/०५. ही तारीख अजून उजाडायची आहे, असं यंत्राने कळवलं. मग मुंबईला, मंडळाच्या प्रितमला फोन.

“काका, पुस्तिका वाचा ना! पान अकरा.”

“वाचलं. पाच पाच लिवलंय.”

“मग बरोबर आहे की!”

तोवर बाराव्याची पंगत ‘शुभविवाह’खालीच उठली. साडेचारला मुंबईहून सुधारित अकरावं पान आलं. त्यात नवं उदाहरण होतं: ०६/०६/२०२५.

पाच वाजता सयाजीच्या मोबाइलवर संदेश आला: ‘मानसीचा विवाह आमच्या सभागृहात थाटात पार पडला. अभिनंदन! अभिप्राय कळवा.’

मानसी अजून कामावरून सुटली नव्हती. पाच जूनचा हॉल, हे लिहीपर्यंत, कुशाबाच्या आईच्या नावावर होता.